मचाण, वैशाख पौर्णिमा, १९९३

खिसा चाचपू नका, मोबाइल भारतात यायला अजून दोन वर्षं आहेत. ताडोबाला व्याघ्र प्रकल्पाची पाटी लागायलाही तेवढीच. राष्ट्रीय उद्यान मात्र ते १९५५ पासून आहे.

दुपारचे बारा. चंद्रपूरच्या उन्हाने साग उघडाबोडका केलाय. तुम्ही पाणवठ्यावरच्या मचाणावर, मांडीवर गणनेचा तक्ता: वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू, आला कुठून, गेला कुठे. उद्या बारापर्यंत खाली उतरायचं नाही. दर पाच मिनिटांनी तुम्ही घड्याळ बघता. तक्ता कोराच. शेजारचा वनमजूर हसतो.

"घाई कायले करता जी? पानी इथंच हाये, येतीनच ते."

गणनेचं सगळं गणित यात आलं. वैशाखात नाले आटतात, मोजके पाणवठे उरतात. तहानलेल्याला तिथे यावंच लागतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात रात्रीही तो दिसतो. पद्धत ढोबळच, एकच सांबर दोनदा आलं तर दोन धरली जातात. पुढे कॅमेरा ट्रॅप आले, वाघ पट्ट्यांवरून ओळखता येऊ लागला, ते चांगलंच झालं. पण बसून राहण्याचं काम यंत्रावर सोपवून माणसं जिप्सीतून वाघामागे धावू लागली, हे मला काही रुचत नाही.

तिसऱ्या प्रहरी घड्याळ विसरलात. आता पाचोळ्याचे आवाज वेगळे कळतात: सातभाई सतत उकरत असतात, चितळ पाऊल टाकून थांबतं. उन्हं कलल्यावर कळप आला. पाणी दहा-बारा पावलांवर, तरी एक मादी पुढे येते, पाय आपटते, मागे फिरते. पुन्हा येते. पहिला घोट घेईपर्यंत सावल्या पाण्याच्या पार गेल्या. तुम्ही मात्र मघाशी पाच मिनिटांना कंटाळला होतात.

रात्री रातव्याची ठकठक. बांबूच्या बेटामागून सांबर ओरडलं, एकदा, मग लागोपाठ. वनमजुराने तुमच्या मनगटावर हात ठेवला. तासभर दोघंही हलला नाहीत. पाण्यावर कुणीच आलं नाही, आणि नुसत्या आवाजाला तक्त्यात रकाना नाही.

फटफटताना रानडुकरांची टोळी थेट चिखलात घुसली. मोजा. अकरा? एक पिल्लू आईखालून निघालं, बारा. दुसरं तिच्यामागे लपलं.

"खोडा अन् पुन्हा मोजा," वनमजूर म्हणतो.