मंद डिस्क आणि बेरजेचा ताळा

संगणकाची हार्ड डिस्क मंद चालू लागली की आपण बहुधा डिस्कलाच दोष देतो. २००१ साली आमच्या प्रयोगशाळेतील एका लिनक्स संगणकाबाबत आम्हीही तेच केले. त्यावर एका विद्यार्थ्याची तीन वर्षांची मापने होती. सेकंदाला वीसएक मेगाबाइट वाचणारी डिस्क जेमतेम तीनवर आली होती. हे का घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमच्या रामॅक संगणकाबरोबर १९५६ साली आली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. त्यांवर ५० लाख अक्षरे मावत आणि सेकंदाला सुमारे ८,८०० अक्षरे वाचता येत. पुढे चकत्या लहान आणि वेगवान झाल्या, तेव्हा प्रश्न बदलला : वाचलेली माहिती संगणकाच्या स्मृतीपर्यंत नेणार कोण?

१९८०च्या दशकात आलेल्या आयडीई जोडणीत हे काम बहुधा प्रोसेसर स्वतःच करी, एका वेळी १६ बिट उचलून. मुख्याध्यापकांनी शाळेतील प्रत्येक वही स्वतः वाहून नेण्यासारखाच हा प्रकार! ‘डीएमए’ पद्धतीत हे ओझे वेगळ्या नियंत्रकावर सोपवले जाते आणि प्रोसेसर मोकळा राहतो. मात्र १९९०च्या दशकातील काही नियंत्रक या घाईत माहिती बिघडवीत. म्हणून शंकास्पद यंत्रांवर लिनक्स डीएमए बंदच ठेवी. मार्क लॉर्ड यांच्या ‘एचडीपार्म’ या आज्ञेने वेग मोजता येई आणि डीएमए चालूही करता येई.

आम्ही तसे केले. वेग लगेच वाढला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनवर आला! तेव्हा कुठे आम्ही यंत्राने नोंदवलेले संदेश वाचले. त्यांत ‘सीआरसी’ चुकल्याच्या तक्रारी होत्या.

सीआरसी म्हणजे एक प्रकारचा ताळाच. पाठवणारा माहितीवरून एक संख्या काढतो, घेणारा तीच पुन्हा काढतो. दोन्ही जुळल्या नाहीत तर माहिती वाटेत बिघडली असे समजायचे. ही सोय आयडीई डिस्कांना ‘अल्ट्रा डीएमए’बरोबर मिळाली. सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या पुढे जाताना शेजारच्या तारांतील संकेत एकमेकांत मिसळू लागले, म्हणून ४० तारांच्या पट्टीत भूसंपर्काच्या आणखी ४० तारा घालण्यात आल्या. आमच्या डिस्कला कोणीतरी जुनी ४० तारांचीच पट्टी लावली होती. ताळा वारंवार चुकला की लिनक्स वेग उतरवी. नवी पट्टी लावताच दुखणे थांबले.

म्हणजे मंदपणा हा रोग नव्हता, तो बचाव होता. हा ताळा नसता तर डिस्क वेगाने चालली असती, पण त्या तीन वर्षांच्या मापनांत चुकीचे आकडे शिरले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

२००३च्या सुमारास साटा जोडणी आली आणि त्या रुंद पट्ट्या हळूहळू गेल्या. तरी आजच्या अनेक साटा डिस्का आपल्या प्रकृतीच्या नोंदींत १९९ क्रमांकाखाली ‘यूडीएमए सीआरसी’ चुकांची मोजणी ठेवतात. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ आज्ञेने ती पाहता येते. जुन्या चुका त्या आकड्यातून पुसल्या जात नाहीत. म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, हे पाहावे. वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी माहितीची प्रत काढावी आणि केबल तपासावी. आणि वेग सक्तीने वाढवण्यापूर्वी, यंत्राने तो का उतरवला, हे आधी विचारावे.