भजनी मंडळ आणि विण्याचा पहारा

इंद्रायणीच्या वरच्या अंगाला श्रीक्षेत्र देहू, खालच्या अंगाला श्रीक्षेत्र आळंदी आणि या दोहोंच्या मधल्या टापूत निघोजे. या भूमीला टाळमृदंगाचा नाद नवा नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी, मंदिर जागते ठेवणाऱ्या भजनी मंडळाच्या परंपरेचे स्मरण करणे उचित ठरेल.

भजनी मंडळ म्हणजे केवळ गाणाऱ्यांचा मेळा नव्हे. गावच्या पुरुषांनी स्वखुशीने पत्करलेला तो बंधुभाव होय. तेथे घराणे, शिक्षण वा जमीनजुमला विचारला जात नाही. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याने मद्यमांस वर्ज्य करावे, एकादशी पाळावी, वारी चुकवू नये, परस्त्रीला मातेसमान मानावे, हीच बंधने. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. तेथे पाटील आणि सालगडी हा फरक उरत नाही.

संत तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्याला स्वतंत्र रूप व शिस्त दिली. सायंकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावताच हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग ती तक्रार ऐकून घेतली जाते. लहानातल्या लहान दिंडीलाही दाद मागता यावी, अशी ही रीत आहे. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापून या परंपरेला अभ्यासाची जोड दिली.

तथापि ज्या संप्रदायाने समता शिकविली, त्याच संप्रदायाच्या पंढरीत हरिजन बांधवांना मंदिरप्रवेश मिळण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले, हेही विसरता येत नाही. तसेच डोईवर तुळशीवृंदावन घेऊन दिंडीत चालणाऱ्या आणि सप्ताहाच्या पंगतींसाठी राबणाऱ्या मायभगिनींचे ऋण मोठे आहे. मंडळाची शिकवण आचरणात उतरते, तेवढीच ती खरी.

या शिकवणीची कसोटी म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहातील पहारा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालायची, पाया पडायचे, मगच घरी जायचे. मध्यरात्री दोन वाजता आपल्या जागी कोणी तरी येईल, या भरवशावरच हा नेम चालतो.

पूर्वी पहारा शेतीच्या कामांनुसार ठरे. आता चाकण औद्योगिक वसाहतीचे कारखाने गावच्या शिवारात आले असून तरुण मंडळी पाळ्यांमध्ये कामाला जातात. रात्रपाळीच्या माणसाने पहाटेचा पहारा कसा धरावा, हा आजचा खरा प्रश्न आहे. त्यावर उपायही मंडळाच्या रीतीतच आहे. दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्याने मध्यरात्रीचा पहारा घ्यावा, वडीलधाऱ्यांनी दुपार सांभाळावी आणि बाहेरगावाहून कामासाठी आलेल्या भाविकालाही हाती टाळ द्यावा.

दानशूर देणगीदारांच्या औदार्याने मंदिर उभे राहते. पहारा मात्र देणगी देऊन होत नाही. त्यासाठी माणसाला स्वतःच उभे राहावे लागते. नूतन मंदिरात वीणा घ्यायला पुढचे हात सदैव तयार असोत, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरी ॥