नसण्याची ओळख : एनके पेशींचा शोध

जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कशावरून कळतं? भाट्ट मीमांसक म्हणाले, तो दिसत नाही यावरूनच. या प्रमाणाला त्यांनी 'अनुपलब्धी' म्हटलं. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात दिसला नाही म्हणून 'नाही' म्हणता येत नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1975 साली स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत किसलिंग, क्लाइन आणि विगझेल यांनी उंदरांतल्या एका वेगळ्या पेशीला 'नॅचरल किलर', म्हणजे एनके, हे नाव दिलं. पूर्वी कधी गाठ न पडलेल्या कर्करोगपेशीही ती मारत होती. अमेरिकेत हर्बरमन यांनाही हेच दिसलं होतं. त्याआधी अनेकांनी हा परिणाम प्रयोगातला व्यत्यय समजून बाजूला सारला होता.

ही पेशी शत्रू ओळखते कशी? क्लास शॅरे यांनी प्रश्नच उलटा केला. आपल्या बहुतेक पेशींवर 'एमएचसी-1' ही ओळखखूण असते. एनके पेशी कदाचित परकं काही शोधतच नसेल, आपली खूण गायब आहे का एवढंच पाहत असेल! 1986 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खूण हरवलेल्या कर्करोगपेशी उंदरांचं शरीर नाकारतं. 1992 मध्ये योकोयामा यांच्या गटाला ही खूण दिसताच हल्ला रोखणारा रिसेप्टर उंदरात सापडला. माणसात हे काम 'केआयआर' रिसेप्टर करतात.

इथे खरी गंमत आहे, बरं का. केआयआरची जनुकं 19व्या गुणसूत्रावर, आणि खुणेची जनुकं 6व्या. दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने येतात. म्हणजे कुलूप एकीकडून, किल्ली दुसरीकडून. शिवाय कोणत्या पेशीत कोणतं केआयआर जनुक चालू होईल, हे बरंचसं योगायोगावर ठरतं. बंद जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गटांचे शिक्के बसतात, चालू जनुकावर ते फारसे नसतात. एकदा ठरलेली निवड पेशीच्या विभाजनानंतरही टिकते.

मग ज्या पेशीच्या वाट्याला आपली खूण वाचणारा एकही रिसेप्टर आला नाही, तिचं काय? तिला सगळेच परके वाटायला हवेत. 2005 मध्ये योकोयामा यांच्याच गटाने उंदरांत दाखवलं, की अशी पेशी चवताळत नाही, मंद राहते. खूण असती तर जी तिला दिसलीच नसती, तिला खुणेच्या अभावावरून मारण्याचा पुरेपूर अधिकार मिळत नाही. मीमांसकांची अट ती हीच!

पेशी विचार करते असं मी म्हणत नाही. पण 'नाही' म्हणण्यासाठी आधी 'आहे' पाहण्याची पात्रता लागते, हा नियम तिथेही दिसतो. प्रयोगातला व्यत्यय म्हणून जे बाजूला सारलं गेलं, त्यातून हे कळलं. आपण रोज किती गोष्टींना बेधडक 'नाही' म्हणतो? ती पात्रता आपल्यापाशी असते का? आज इथेच थांबतो.