बाटलीमागचा दिवा : मद्य ‘दिसण्याचा’ इतिहास

१/
घरातल्या व्हिस्कीच्या बाटल्या फडताळावर ओळीने मांडायच्या, त्यांच्या मागे दिवा ठेवायचा, दिव्यापुढे बटर पेपर ताणायचा, खोलीतले बाकीचे दिवे मालवायचे आणि छायाचित्र घ्यायचे. असे चित्र आता समाजमाध्यमांवर नेहमी दिसते. कुठली बाटली मधासारखी उजळते, कुठली काढ्यासारखी गडद राहते. चित्र देखणे असते यात शंका नाही. परंतु महाराष्ट्रात मद्याची बाटली उजेडात मांडणे ही गोष्ट कधीच निव्वळ सौंदर्याची नव्हती. इथल्या कायद्याला आणि समाजाला मद्य पिण्याइतकीच ते दिसण्याचीही चिंता वाटत आली आहे. हा थ्रेड त्या चिंतेच्या इतिहासाविषयी.

२/
सुरुवात कळंबपासून करू. यवतमाळ जिल्ह्यातले, चिंतामणीचे कळंब. इथला गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून दर्शनाला जावे लागते. यवतमाळहून नागपूरकडे जाणारा रस्ता कळंबवरून जातो, पुढे वर्धा नदी ओलांडतो आणि देवळीला पोहोचतो. देवळी वर्धा जिल्ह्यात आहे, आणि गांधीजींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीखाली आहे. नदीच्या अलीकडे परवान्यानिशी घरात ठेवता येणारी बाटली पलीकडे नेली की ती गुन्ह्यातला मुद्देमाल ठरू शकते. काच तीच, द्रव तोच. पूल ओलांडला की अर्थ बदलतो.

३/
आता छायाचित्रणाकडे वळू. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट या इंग्रज संशोधकाने १८४४ पासून ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. छायाचित्रे चिकटवून विक्रीस आणलेल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी हा एक. त्यातले तिसरे चित्र चिनी मातीच्या भांड्यांचे आणि चौथे काचसामानाचे आहे. काचेच्या चित्रात फळ्यांवर मांडलेल्या सुरया आणि पेले दिसतात. म्हणजे काचेच्या पहिल्यावहिल्या छायाचित्रांपैकी एक हे जवळजवळ घरातल्या मद्याच्या फडताळाचेच चित्र होते.

४/
या दोन चित्रांसोबत टॅलबॉटने जे लिहिले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. एखाद्याच्या संग्रहातल्या वस्तूंची लेखी यादी करायला जेवढा वेळ लागतो त्याहून फारशा अधिक नसलेल्या वेळात कॅमेरा त्यांची चित्रयादी करतो, आणि पुढे वस्तू चोरीस गेल्या तर हे चित्र न्यायालयात मूक साक्षीदार होऊ शकेल, असे त्याने सुचवले. काचेबद्दल त्याचा अनुभव वेगळा होता. पांढरी भांडी आणि काच एका चित्रात नीट येत नाहीत, कारण भांडी आधी उमटून जातात आणि काच मागे राहते. यादी, पुरावा आणि काचेचा हट्टीपणा : घरगुती संग्रहाच्या छायाचित्रणाचे तिन्ही धागे १८४४ मध्येच हाती आले होते.

५/
काच हट्टी का? तिला स्वतःचे असे रूप नसते म्हणून. लाकूड किंवा कापड आपल्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरते, म्हणून ते समोरून उजळले तरी दिसते. काच उजेडाला आरपार जाऊ देते, वाकवते किंवा आरशासारखी परतवते. समोरून फ्लॅश मारला तर बाटलीवर फक्त एक पांढरा ठिपका उमटतो. म्हणून छायाचित्रकार बाटलीऐवजी तिच्या मागची पार्श्वभूमी उजळतात. बाटलीच्या कडांशी उजेड इतका वाकतो की तिथे पार्श्वभूमीऐवजी बाजूचा अंधार दिसतो, आणि उजळ पडद्यावर काळ्या रेषेने बाटलीचा आकार आपोआप रेखला जातो. मात्र याची किंमत लेबल मोजते. कागदातून उजेड येत नाही, त्यामुळे समोरून थोडा उजेड दिला नाही तर लेबल काळे पडते. मागून उजळलेल्या चित्रात द्रव बोलतो, आणि नाव, किंमत, कराचा शिक्का हे सारे गप्प होते.

६/
हा द्रव तरी सोनेरी का? भट्टीतून निघालेले मद्य पाण्यासारखे नितळ असते. व्हिस्कीला रंग येतो तो ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरल्यामुळे, आणि अनेकदा वरून घातलेल्या कॅरॅमलमुळे. यवतमाळ-चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मोहफुलांपासून काढली जाणारी दारू पिंपात मुरत नाही, म्हणून ती नितळच राहते. तिच्या मागे कितीही दिवा ठेवा, चित्रात काही उमटत नाही. ‘संग्रह’ म्हणून मिरवता येते ते मुरलेले, महाग, रंगीत मद्य. मोहाच्या वाट्याला असा दिवा आला नाही. तिच्या वाट्याला आली ती झडती.

७/
ही झडती जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्यांची जागा सरकारी नियंत्रणाखालच्या मोठ्या भट्ट्यांनी घेतली. मद्यावरचा कर हे वसाहतीच्या सरकारचे एक मोठे उत्पन्न होते. १८९२ मध्ये तर मोहफुले जवळ बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घालणारा वेगळा कायदा झाला. अजून दारू न झालेले फूल घरात सापडणे हाच संशयाला आधार झाला. इथून पुढे ‘घरात काय ठेवले आहे’ हा प्रश्न सरकारचा झाला.

८/
१९०८ हे वर्ष या कथेत लक्षात ठेवण्याजोगे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा वर्गणी गोळा करून उभ्या केलेल्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. या फंडाच्या पाठीशी टिळक होते. त्याच वर्षी पुण्यात टिळकांच्याच पुढाकाराने दारूच्या दुकानांपुढे निरोधन सुरू झाले. एकीकडे स्वदेशी काच ओतली जात होती आणि दुसरीकडे काचेत भरून विकल्या जाणाऱ्या मद्यापुढे तरुण उभे राहत होते. निरोधन करणाऱ्यांच्या हाती शस्त्र नव्हते. दुकानात शिरणारा माणूस चारचौघांत दिसतो, हेच त्यांचे बळ. दारूच्या प्रश्नात ‘दिसणे’ हे हत्यार म्हणून वापरण्याची रीत महाराष्ट्राने तेव्हा चांगलीच आत्मसात केली.

९/
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. त्याने मद्य बनवणे, विकणे, बाळगणे आणि पिणे यांवर बंदी घातलीच, शिवाय मादक द्रव्याची प्रशंसा करणे हाही गुन्हा ठरवला. आजच्या छायाचित्रकाराने इथे क्षणभर थांबावे. केवळ ‘हे उत्तम आहे’ असे लोकांना सांगणे गुन्हा ठरत असेल, तर सोनेरी उजेडात न्हालेली बाटली लोकांपुढे मांडणे हे काय ठरले असते?

१०/
या कायद्याला फ्राम नसरवानजी बलसारा या नागरिकाने आव्हान दिले. आपल्याजवळचा विदेशी मद्याचा साठा बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क मिळावा, ही त्यांची एक मागणी होती. घरातल्या मद्यसाठ्याचा प्रश्न अशा रीतीने राज्यघटनेच्या कसोटीला लागला. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पिण्याच्या मद्यावरची बंदी न्यायालयाने उचलून धरली. औषधे आणि प्रसाधने यांतल्या अल्कोहोलवरची सरसकट बंदी मात्र रद्द ठरवली. आणि प्रशंसेला गुन्हा ठरवणारा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून बाद केला. साठ्याचा हक्क मिळाला नाही, शब्दाचा मिळाला. बाटली बाळगू नका, परंतु तिच्याविषयी चांगले बोलल्याबद्दल तुम्हाला तुरुंगात टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा ढोबळ अर्थ.

११/
त्या दिवशी कळंब मुंबई राज्यात नव्हते. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होते; विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर मुंबईचा दारूबंदी कायदा इथेही पोहोचला. पुढे राज्यात बंदी सैल झाली आणि परवाने आले. आजही त्याच कायद्याखाली मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो. मात्र शेजारी बंदीचे बेट तयार होत गेले. १९७४ पासून वर्धा, १९९३ पासून गडचिरोली आणि २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर. यवतमाळात दारूबंदीची मागणी घेऊन स्त्रियांनी वेळोवेळी मोर्चे काढले, पण जिल्हा ‘ओला’च राहिला.

१२/
जाहिरातीची वाट वेगळी. केबल टीव्हीसाठी १९९४ मध्ये झालेल्या नियमांत मद्याच्या जाहिरातींना मज्जाव आहे. कंपन्यांनी मग त्याच नावाचा सोडा, पाणी, संगीताच्या सीडी पुढे केल्या. मागून उजळलेली बाटली ही मुळात जाहिरातीच्या स्टुडिओत घडलेली भाषा. बाटलीच्या आकाराचा चकचकीत पुठ्ठा मागे लपवून द्रव उजळणे, काचेवर ग्लिसरीनचे थेंब शिंपडून थंडावा भासवणे, या साऱ्या युक्त्या तिथल्या. कंपनीला ही भाषा पडद्यावर बोलता येईना, तेव्हा ती घरातल्या संग्राहकाच्या मोबाइलमध्ये आली. जी प्रशंसा विकणाऱ्याला मना आहे ती आता विकत घेणारा विनामोबदला करतो, आणि १९५१ च्या निकालाने ती त्याच्या हक्काचीही आहे.

१३/
१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतच्या मद्यविक्रीविषयी निकाल दिला. दुकान महामार्गापासून ५०० मीटरच्या आत नको, एवढेच त्यात म्हटले नव्हते. ते महामार्गावरून दिसता कामा नये आणि मद्य मिळत असल्याच्या पाट्याही काढून टाकाव्यात, असेही त्यात होते. लहान वस्त्यांसाठी अंतर पुढे २२० मीटरवर आले, आणि २०१७ मध्येच नगरहद्दीतल्या परवानाधारक दुकानांना सवलत मिळाली. तरी तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. १९०८ मध्ये पिणाऱ्याला लोकांच्या नजरेसमोर आणणे हा उपाय होता; शतकभराने पिणाऱ्याच्या नजरेआड दुकान करणे हा उपाय झाला.

१४/
आज विदर्भात मद्याच्या बाटल्यांची दोन प्रकारची छायाचित्रे निघतात. एक आपण वर पाहिले : मागून उजेड, माणूस नाही, लेबल अंधुक, द्रव सोन्यासारखा. दुसरे वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरचे : टेबलावर किंवा जमिनीवर रांगेने मांडलेल्या जप्त बाटल्या आणि मागे उभे असलेले पोलीस पथक. तिथे उजेड समोरून असतो, कारण तिथे लेबल आणि संख्या महत्त्वाची. टॅलबॉटने संग्रहाची यादी आणि न्यायालयातला पुरावा असे एकाच चित्राचे दोन उपयोग सांगितले होते. आपण ते दोन वेगळ्या चित्रांत वाटून टाकले. संग्राहकाच्या वाट्याला मागचा दिवा आला, आणि नदी ओलांडताना पकडल्या गेलेल्या पोराच्या वाट्याला समोरचा.

१५/
म्हणून घरातल्या संग्रहाचे चित्र काढू नये, असे इतिहास म्हणत नाही. ते काढण्याचा हक्क न्यायालयात लढून मिळालेला आहे, आणि काच नीट टिपणे ही खरोखर अवघड कला आहे. मात्र मागून येणारा उजेड बाटलीतला रंग दाखवतो आणि बाटलीवरचा मजकूर झाकतो, हे प्रकाशशास्त्र जसे खरे, तसेच ते या चित्रांच्या समाजशास्त्रालाही लागू आहे. त्या काळ्या पडलेल्या लेबलावर कर आहे, परवाना आहे, वर्धा नदीवरचा पूल आहे, मोहाची झडती आहे आणि मोर्चात चाललेल्या बाया आहेत. समोरून थोडासा उजेड दिला, की लेबलही वाचता येते.

(समाप्त)