विद्यापीठ प्रशासनातील महिला : कामाचा ताण आणि त्याला तोंड देण्याच्या रीती

विद्यापीठांच्या परीक्षा, पात्रता, लेखा, आस्थापना अशा विभागांतील महिला कर्मचाऱ्यांवर मानसिक व शारीरिक भार पडतो. त्याचे मूळ स्त्रीच्या स्वभावात शोधले जाते. पण ते कामाच्या रचनेत आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की जबाबदारी मोठी आणि निर्णयाचा अधिकार तोकडा असेल, तिथे ताण सर्वाधिक साचतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ परीक्षा संपल्यापासून ३० आणि फार तर ४५ दिवसांत निकाल मागतो. पण उत्तरपत्रिका कोण, कधी, कोणत्या पद्धतीने तपासणार, हे लिपिकाच्या हाती नसते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने संगणकावर तपासणी सुरू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. असे निर्णय वर होतात, विद्यार्थी-पालकांचा संताप मात्र खिडकीवर येतो. तो शांतपणे झेलणे हेही श्रमच आहेत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये त्यांना ‘भावनिक श्रम’ म्हटले. पगारपत्रकात त्यांची नोंद नाही.

हा जाच पुरुषांनाही होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, पण अपुरा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. निकालाच्या हंगामात कार्यालयात उशिरापर्यंत थांबावे लागले, तर ही मिनिटे स्त्रीच्या झोपेतून वजा होतात. मानसशास्त्रज्ञ लाझारस व फोकमन यांनी १९८४ मध्ये तोंड देण्याच्या दोन रीती सांगितल्या : अडचणीवर उपाय करणे आणि मनाला सावरणे. योग, ध्यान, डबा खाताना मैत्रिणींजवळ मन मोकळे करणे ही दुसरी रीत. तिने आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. जे बदलता येत नाही तिथे तीच उपयोगी. परंतु रिक्त पद भरता येते, मुदत आधी सांगता येते. अशा ठिकाणी तणावमुक्तीची कार्यशाळा घेऊन थांबणे म्हणजे प्रशासनाची जबाबदारी कर्मचारी स्त्रीच्या माथी मारणे होय. पहिली रीत एकटीला क्वचितच जमते, कारण तिला अधिकार लागतो. संघटनेतून तो काही अंशी मिळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेबरोबर रिक्त पदे भरण्याचीही मागणी होती.