हरकत लेखी लागते

आमचे अप्पा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साळखात्यात होते. पाळी सुटली की चार गडी होम मैदानावर टेकायचे. मैदान कुणाचं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शिद्धरामाचं. मागनं आपलं. म्युनिसिपालटी नुस्ती झाडलोट बगती."

आमच्या अव्वाच्या गोष्टींत सनावळ्या नसत. "गड्ड्याच्या तोंडावर चौघांना लटकावलं," एवढंच ती सांगायची. आधी 6 एप्रिल 1930 ला नगरपालिकेवर तिरंगा चढला होता, 12 मेला मार्शल लॉ आला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तारीख पाहिली आणि अव्वाचा हिशेब पटला. शिद्धरामाच्या गड्ड्याची जत्रा संक्रांतीला भरते, आणि संक्रांतीला दोनच दिवस होते. किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेला नाव त्यांच्यावरूनच. त्या बागेत शेंगा खाताना ती टरफलं पदरात गोळा करायची. खाली एक पडू द्यायची नाही, आणि का, ते कधी बोलली नाही.

पण बाग वाचवायची वेळ आली, की असल्या गोष्टी नगररचना खात्यात चालत नाहीत. आराखड्यातलं बागेचं आरक्षण बदलायचं, तर 1966 च्या नगररचना कायद्यातलं कलम 37 काढतात: राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, हरकतींना एक महिना, मग प्रस्ताव सरकारकडे. सूचना बारीक टायपात येते. अप्पांना ती चष्मा लावूनही दिसली नसती.

त्याहून गुपचूप वाट कलम 127 ची. जागा खासगी असेल आणि दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देतो. पुढच्या 24 महिन्यांतही पालिका हलली नाही, की आरक्षण आपोआप उठतं. बाग घालवायला ठरावच करावा लागतो असं नाही. गप्प बसलं तरी भागतं. हद्दवाढ भागातल्या माणसाला 'आरक्षण पडलंय' हे काय, ते वेगळं सांगायला नको.

तोंडानं बोलणाऱ्यांचंही कधी ऐकतात. जानेवारी 2016 मध्ये मुंबई महापालिकेनं मोकळ्या जागा दत्तक द्यायचं धोरण मंजूर केलं, लोक खवळले आणि मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. पण स्थगिती ती स्थगितीच. उठवणारा कधीही उठवतो. मला जास्त भरवशाचा वाटतो तो बंगळूरचा निकाल. राजमहाल विलास भागातली बागेसाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या हुकमावरून एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले, तर समोरच्यांचं म्हणणं, यांचा संबंधच काय? 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो संबंध मान्य केला आणि जागा बागेचीच राहिली.

'मागनं आपलं' म्हणताना अप्पा नेमकं तेच सांगत होते, फक्त कागदावर नाही. म्हणून भाच्यांना सांगतो, म्हाताऱ्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा, पण हरकत देताना आधी आरक्षण क्रमांक, मग सर्व्हे नंबर, मग जागेचा आजचा वापर, आणि गोष्ट त्याच्याखाली. दोन प्रती न्यायच्या. दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही, साहेब जेवायला गेले असले तरी.