रक्तदाबाचा लगाम

इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचा एक पाद्री होऊन गेला. त्याने एका म्हाताऱ्या घोडीला उताणी बांधली, तिच्या मांडीतील रोहिणीत पितळेची नळी बसवली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. रक्त काचेतून वर चढू लागले, ते हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन थांबले आणि नाडीच्या ठोक्यासरशी खालीवर डोलू लागले. १७३३ साली त्याने हा वृत्तांत ग्रंथात छापला. देवाच्या सेवकाला हे कसे सुचले असेल, असे मनात येते खरे. पण रक्ताचा दाब मानवाने प्रथम मोजला तो असा.

दाब किती हे कळले. तो सांभाळतो कोण, हे कळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १८५१ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार याने सशाच्या मानेतील एक मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि ऊन झाला. पुढल्याच वर्षी त्याच तंतूला विजेचा झटका देताच कान पांढरा पडून गार झाला. म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारे हुकूम तंतूंतून येतात. मग हुकूम सोडणारा कोठे बसतो? लाइपझिग येथे कार्ल लुडविग या थोर गुरूच्या प्रयोगशाळेत ओव्सियानिकोव्हने १८७१ मध्ये आणि डिटमारने १८७३ मध्ये त्याचा माग काढला. मेंदू वरून खाली टप्प्याटप्प्याने छेदत नेला तरी दाब बराच काळ ढळत नाही. मस्तिष्कपुच्छाशी सुरी पोचली की एकदम कोसळतो. लगाम कोणाच्या हाती आहे ते असे उमगले. विचार, कविता, गणित हे सारे वरच्या मजल्यावर. रक्तदाबाचा कारभार मात्र तळघरातल्या या मुनिमाकडे!

आता प्राणवायूकडे वळू. प्राणवायूवाचून जगणे नाही, पण पेशीत अन्न जळताना त्याचा थोडा अंश अर्धवट राहतो आणि दांडगाई करतो. त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी गाईबैलांच्या रक्तात एक विकर दाखवून दिले, जे या दांडगटाला तत्काळ वठणीवर आणते. ज्यांना आपण आज अँटिऑक्सिडंट म्हणतो, त्यांच्यातला हा खरा पहिलवान.

या दोन कथांची गाठ पडली ती आयोवा विद्यापीठात. रक्तात अँजिओटेन्सिन नावाचे एक द्रव्य असते. ते रक्तवाहिन्या आवळतेच, शिवाय मेंदूचेही दार ठोठावते. मेंदूभोवती रक्तातील नको त्या पदार्थांना अडवणारा पडदा आहे, पण त्याला दोनचार खिडक्या आहेत. अशाच एका इवल्या खिडकीतून ते आपला निरोप आत पोचवते. झिमरमन, डेव्हिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले, की हा निरोप पुढे नेणारा जासूद म्हणजे तोच सुपरऑक्साइड. उंदरांच्या मेंदूत ते विकर आधीच वाढवून ठेवले, तर अँजिओटेन्सिन मेंदूत सोडूनही दाब चढत नाही. २००४ मध्ये त्यांनी त्या खिडकीपुरतेच विकर वाढवले आणि द्रव्य कातडीखाली कित्येक दिवस झिरपत ठेवले. तरी दाब वाढला नाही.

हे वाचून आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला गाठले. "मास्तर, आवळ्याचा रस सुरू केलाय, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आहेत. आता डॉक्टरांची रक्तदाबाची गोळी सोडायला हरकत काय?"

हरकत मोठी आहे. ब्रिटनमध्ये हृदयविकार, रक्तवाहिन्यांचे विकार किंवा मधुमेह असलेल्या २०,५३६ लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला. निम्म्यांना रोज ई आणि क जीवनसत्त्वे व बीटा-कॅरोटिन दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. २००२ मध्ये निकाल लागला. रक्तातील जीवनसत्त्वे चांगली वाढली होती. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांत मात्र काही फरक पडला नव्हता. उंदरांच्या बाबतीत विकर नेमक्या ठिकाणी, पेशीच्या आत वाढवले होते. क जीवनसत्त्वही सुपरऑक्साइडशी झुंजते, पण त्या विकराच्या मानाने फारच मंद गतीने. तोवर जासूद निरोप देऊन मोकळा होतो.

हे सारे मी त्यांना अंगणात बसून सांगितले. घोडीची गोष्ट त्यांना फार आवडली. डॉक्टरांची गोळी त्यांनी सोडलेली नाही. आवळ्याचा रसही चालू आहे, कारण तो काकू घरी काढतात.